बॅक्टेरियाला परका डीएनए ओळखू येतो का?

प्रश्न सोलापुरातल्याच एका टीवायबीएस्सीच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: ‘प्रॅक्टिकलला लॅम्डा फेजचा (फेज म्हणजे बॅक्टेरियात शिरून वाढणारा विषाणू) डीएनए इकोआरआय एन्झाइमने कापला. पुस्तकात सहा तुकडे दिलेत, आमच्या जेलवर (तुकडे लांबीनुसार सुटे करणाऱ्या थरावर) पाचच पट्टे आले. हे एन्झाइम म्हणजे ई. कोलाय या बॅक्टेरियाचं फेजपासूनचं संरक्षण म्हणतात. मग ते स्वतःचाच डीएनए का कापत नाही? आणि एवढं जालीम एन्झाइम असताना फेज बॅक्टेरियाला मारतात कसे? वर्गात “मिथायलेशन” एवढंच उत्तर मिळालं. क्रिस्पर हा याचाच पुढचा भाग का?’

आधी जेलचं उरकतो, कारण त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. लॅम्डाचा डीएनए ४८,५०२ बेसपेअरचा, म्हणजे तेवढ्या अक्षरजोड्यांचा. इकोआरआय त्याला पाच जागी कापतं आणि २१,२२६, ७,४२१, ५,८०४, ५,६४३, ४,८७८ आणि ३,५३० असे सहा तुकडे पडतात. यातले ५,८०४ आणि ५,६४३ हे दोन इतके जवळचे आहेत, की कॉलेजच्या आखूड जेलवर, तास संपायच्या घाईत वाढवलेल्या व्होल्टेजवर, त्यांचा एकच जाडसर पट्टा दिसतो. जेल लांब घ्या, व्होल्टेज कमी ठेवा, सुटे होतील. कधी ३,५३० चा पट्टाही फिका पडतो. लॅम्डाच्या दोन टोकांना एकमेकांना चिकटणारी १२ बेसची शेपटं असतात, त्यामुळे सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा तुकडा जोडले जातात. नमुना लोड करण्याआधी काही मिनिटं ६५ अंशांवर ठेवून लगेच बर्फात घातला की हा घोळ मिटतो.

आता मूळ मुद्दा. बाकीचे तिन्ही प्रश्न मला एकाच गृहीतकातून आलेले दिसतात. बॅक्टेरियाला आपलं कोण आणि परकं कोण हे कळतं, असं तुम्ही धरून चालला आहात. पुस्तकंही तसंच लिहितात, ‘परकीय डीएनए ओळखून कापला जातो’. हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये दिसलं की मी खाली लाल रेघ मारतो. इकोआरआयला दोनच गोष्टी कळतात. एक, जीएएटीटीसी ही सहा अक्षरं. दोन, त्या अक्षरांवर एक छोटी रासायनिक खूण आहे की नाही. खूण नसेल तर कापायचं. डीएनए फेजचा आहे, म्हशीचा आहे की त्याच पेशीचा आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खूण म्हणजे मिथाइल गट. इकोआरआय बनवणारी पेशी त्याच्या जोडीने दुसरं एन्झाइमही बनवते, मिथाइलेज. तेही जीएएटीटीसीच शोधतं, पण कापण्याऐवजी दुसऱ्या ‘ए’वर मिथाइल गट बसवतं. हा गट त्याला एस-अडेनोसिल मिथिओनिन या रेणूकडून मिळतो. खूण बसली की इकोआरआयची पकड त्या जागी बसत नाही. दोन्ही एन्झाइम मिळून जी यंत्रणा होते ती रिस्ट्रिक्शन-मॉडिफिकेशन, म्हणजे कापणं आणि खूण बसवणं. नुसतं रिस्ट्रिक्शन असलेली पेशी जगूच शकत नाही. सहा अक्षरांचा ठरावीक क्रम निव्वळ योगायोगाने दर ४,०९६ अक्षरांमागे एकदा येतो. ई. कोलायचा जीनोम ४६ लाखांच्या आसपास बेसपेअरचा, म्हणजे गणिताने अशा अकराशेच्या वर जागा. प्रत्येकीवर खूण हवी. एक जरी सुटली तरी स्वतःचाच डीएनए दोन्ही धाग्यांत तुटतो.

(जाता जाता: सगळ्या ई. कोलायकडे इकोआरआय नसतं. ते आरवाय१३ नावाच्या एका जातीतून आलं आणि त्याची जीन्स तिथे प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य जीनोमबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, होती. आपल्या प्रयोगशाळांतल्या के-१२ घराण्याकडे वेगळी यंत्रणा आहे, इकोकेआय. तिच्याकडे शेवटी येतो.)

सोलापूरच्या माणसाला हे चादरीवरून पटकन कळावं. मागावरून उतरलेल्या चादरीला कारखान्यात लेबल लागतं. समजा फाटकावरच्या माणसाला एकच हुकूम आहे: लेबल नसलेली चादर दिसली की फाडायची. चादर कुणी विणली, सूत कुठलं, हे तो बघत नाही. बाहेरची चादर आत आली तर बहुतेक वेळा फाडली जाईल. पण लेबल लावणारा कारागीरही तिथेच बसला आहे, आणि तोही कुणाची चादर हे विचारत नाही. बाहेरची चादर आधी त्याच्या हाती लागली, तर तिलाही लेबल लागतं आणि ती कारखान्याची होऊन बाहेर पडते. फेज वाचतो तो असाच.

इथे एक शंका यायला हवी. पेशी विभागताना डीएनएची नवी प्रत बनते, तिच्यावर खूण कुठून असणार? मग नवी प्रत लगेच का कापली जात नाही? कारण नव्या डीएनएचा एक धागा जुना असतो आणि त्यावर खूण आधीचीच असते. अशा अर्ध्या खुणेच्या जागेला इकोआरआय सहसा हात लावत नाही, आणि तेवढ्या वेळात मिथाइलेज दुसऱ्या धाग्यावरही खूण बसवतं. आत शिरलेल्या फेजच्या डीएनएवर मात्र दोन्ही धागे कोरे असतात. आपला आणि परका हा भेद जो काही आहे, तो इथे आहे: एका धाग्यावर खूण असणं आणि एकाही धाग्यावर नसणं.

हे सगळं कळलं कसं, तेही सांगतो, कारण त्या प्रयोगातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९५३ मध्ये बर्तानी आणि वाइगल यांनी दाखवलं, की ई. कोलायच्या सी जातीवर वाढवलेला लॅम्डा के-१२ जातीवर सोडला तर दहा हजारांतले दोन-चार फेजच प्लाक (प्लेटवर मेलेल्या बॅक्टेरियांचा मोकळा ठिपका) पाडतात. बाकीचे फुकट जातात. आता त्या मोजक्या प्लाकमधला फेज उचलून पुन्हा के-१२ वर सोडा. या वेळी जवळपास सगळे यशस्वी होतात. पहिल्यांदा ऐकणारा कुणीही म्हणेल, म्युटेशन झालं, प्रतिकारक फेज निवडला गेला. पण हाच फेज एकदाच सी जातीवर वाढवून परत के-१२ वर आणला, की पुन्हा दहा हजारांत दोन-चार. म्युटेशन एका फेरीत असं सगळ्यांमधून एकदम पुसलं जात नाही. म्हणजे बदल अक्षरांत नव्हता, अक्षरांवर काहीतरी होतं, आणि ते शेवटच्या यजमान पेशीने बसवलेलं होतं.

जिनिव्हात वर्नर आर्बर आणि डेझी डुसॉइक्स यांनी १९६२ मध्ये ही खूण फेजच्या डीएनएवरच असते आणि खूण नसलेला डीएनए पेशीत शिरल्यावर तोडला जातो, हे दाखवलं. कापणारं एन्झाइम शुद्ध करण्याचं काम मेसेल्सन आणि युआन यांनी १९६८ मध्ये केलं. ते मात्र ओळखीच्या जागेपासून हजारो बेस दूर, कुठेही कापणारं निघालं. ठरावीक जागी कापणारं एन्झाइम हॅमिल्टन स्मिथ यांना १९७० मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झामध्ये सापडलं, आणि पुढच्याच वर्षी डॅना आणि नेथन्स यांनी तशाच एन्झाइमने एसव्ही४० विषाणूचा डीएनए ११ तुकड्यांत कापून जेलवर दाखवला. तुमचं प्रॅक्टिकल त्याच प्रयोगाचं वंशज. आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

तर, एन्झाइम असताना फेज मारतात कसे? संरक्षण ‘आहे की नाही’ असं विचारू नका, ‘किती’ असं विचारा. फेजचा डीएनए आत शिरला की कापणं आणि खूण बसवणं यांची शर्यत लागते. एखाद्या जागी फेज सुटण्याची शक्यता दहात एक आहे असं नुसतं उदाहरणादाखल धरा. फेजवर अशी एकच जागा असेल तर दहात एक फेज सुटेल. पाच जागा असतील तर पाचही ठिकाणी सुटायला हवं, म्हणजे लाखात एक. म्हणून फेजवर जागा किती, यावर संरक्षणाचा बराचसा हिशेब ठरतो. एका पेशीवर एकाच वेळी किती फेज तुटून पडले, यावरही ठरतो. फार आले तर कापणारं एन्झाइम अपुरं पडतं. पेशीवर अतिनील किरणांचा किंवा उष्णतेचा ताण बसला असेल तर इकोकेआयसारख्या यंत्रणा काही काळ ढिल्या पडतात. त्यामुळे ‘रिस्ट्रिक्शनमुळे किती फेज अडतात?’ याला एक आकडा मी देऊ शकत नाही. जात, फेज आणि परिस्थिती सांगा, मग बोलू.

आणि सुटलेला एक फेज म्हणजे एकच फेज नव्हे. तो आत वाढतो, त्याच्या पिल्लावळीवर त्याच पेशीची खूण बसते, आणि शेजारच्या त्याच जातीच्या सगळ्या पेशींना तो आता घरचाच. या एका गोष्टीची किंमत मी शिकवायला लागण्याआधी दुग्धप्रकल्पाच्या प्रयोगशाळेत काम करताना पाहिली आहे. दह्याच्या टाकीत कल्चर, म्हणजे विरजणाचे बॅक्टेरिया, टाकलं, तापमान बरोबर, आणि तीन-चार तासांनी आम्लता जागची हलत नाही. पहिला संशय दुधातल्या प्रतिजैविकावर जातो, आणि जायलाच हवा, कारण म्हशीला स्तनदाहाचं इंजेक्शन दिल्यावर दूध मधल्या काळात बाजूला ठेवलं नसेल तर असंच होतं. दोन्हींतला फरक ओळखायची आमची रीत साधी होती. त्या टाकीची निवळी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची आणि तिचे दोन थेंब ताज्या कल्चरच्या नळीत टाकायचे. ती नळी बंद पडली तर तिची निवळी गाळून पुढच्या नळीत, तिची त्याच्या पुढच्या. प्रतिजैविक प्रत्येक पायरीला पातळ होत जातं आणि दोन-तीन नळ्यांनंतर कल्चर सुरळीत चालतं. फेज पातळ होत नाही, वाढतो. शेवटची नळीही बंद पडली तर समजायचं, हा फेज आहे.

मग उपाय काय? पाश्चरायझेशनवर विसंबू नका. ७२ अंशांना १५ सेकंदांत दुधातले रोगजंतू मरतात, पण दुग्धउद्योगातले कितीतरी फेज त्यातून तगून जातात. दह्याचं दूध ९० अंशांच्या आसपास काही मिनिटं तापवण्याचा हा एक जादा फायदा आहे. निवळी उघड्यावर उडू द्यायची नाही, कारण फेजचा साठा तिच्यातच असतो. आणि कल्चर फिरतं ठेवायचं: आज एका जातीचं, उद्या दुसऱ्या. हे फिरवणं का चालतं, हे आता तुम्हाला सांगायची गरज नसावी. कालच्या जातीची खूण घेऊन बसलेला फेज आजच्या जातीत शिरला तर तिच्या एन्झाइमला तो कोराच दिसतो. (शिवाय दोन जातींच्या पृष्ठभागावर फेजला चिकटायची जागाच वेगळी असू शकते. बरेचदा खरं काम तेच करतं. सगळं श्रेय एन्झाइमना देऊ नये.) घरच्या विरजणाला मात्र हे फिरवणं लागत नाही. त्यात मुळातच नाना जातींचा कालवा असतो, एक पडली तर दुसरी दही लावते.

फेजही हातावर हात धरून बसलेले नाहीत. टी७ फेजच्या जवळपास ४०,००० बेसपेअरमध्ये गणिताने जीएएटीटीसी नऊ-दहा वेळा यायला हवं. एकदाही येत नाही. तुम्ही टी७ चा डीएनए इकोआरआयमध्ये रात्रभर ठेवलात तरी तो अखंड राहील. इकोकेआयसाठी टी७ कडे वेगळी युक्ती आहे. तो आत शिरताच ओसीआर नावाचं प्रथिन बनवतो. त्याचा आकार आणि विद्युतभार डीएनएसारखा असतो, एन्झाइम त्यालाच जाऊन चिकटतं आणि अडकून पडतं. टी४ फेज तर आपल्या डीएनएतला ‘सी’च बदलतो, त्या जागी हायड्रॉक्सिमिथाइल सायटोसिन वापरतो आणि त्यावर ग्लुकोज चढवतो, त्यामुळे बहुतेक रिस्ट्रिक्शन एन्झाइमना पकडायला जागा उरत नाही. यावर काही बॅक्टेरियांनी उलट्या स्वभावाची एन्झाइम बाळगली आहेत. मॅक्रबीसीसारखी एन्झाइम खूण असलेलाच डीएनए कापतात. म्हणजे खूण असणं सुरक्षित, हाही नियम सगळीकडे लागू नाही. परीक्षेत हे लिहिलंत तर मार्क मिळतील की कापले जातील, ते तपासणाऱ्यावर.

‘स्वतःचा डीएनए का कापत नाही’ याचं एक जास्तीचं उत्तर द्यायला हवं: कधी कधी कापतं. इकोआरआयची जीन्स प्लास्मिडवर असतात हे वर सांगितलं. समजा विभाजनात एका पिल्लू-पेशीला ते प्लास्मिड मिळालंच नाही. दोन्ही एन्झाइमचा जुना साठा तिच्याकडे आहे, नवा बनणार नाही. प्रत्येक विभाजनाला साठा निम्मा होतो. एक वेळ अशी येते, की अकराशे जागांवर खूण बसवण्याइतकं मिथाइलेज उरत नाही, पण एखादी कोरी जागा कापायला इकोआरआयचे थोडेसे रेणूही पुरतात. पेशी मरते. जपानच्या इचिझो कोबायाशी यांच्या गटाने १९९५ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं आणि त्यावरून मांडलं, की ही जीन्स बॅक्टेरियाच्या भल्यासाठीच आहेत असं समजायचं कारण नाही. मला टाकलंस तर मरशील, अशा धाकावरही ती टिकून राहतात. मला हे म्हणणं पटतं. पूर्ण नाही, कारण फेजपासून होणारा बचाव प्लेटवर मोजता येतो, पण ‘बॅक्टेरियाची संरक्षणव्यवस्था’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून मी जरा जपून वापरतो.

आता क्रिस्पर. पुढचा भाग म्हणू नका. दोन्हींत शेवटी डीएनएच कापला जातो, पण कुठे कापायचं हे ठरतं वेगळ्या रीतीने. इकोआरआयची सहा अक्षरं कायमची ठरलेली. फेज कुठलाही असो, तीच. क्रिस्परमध्ये पेशी फेजच्या डीएनएचा तीसेक अक्षरांचा तुकडा स्वतःच्या जीनोममध्ये, एकसारख्या पुनरावृत्त्यांच्या मध्ये, बसवून ठेवते. त्याची आरएनए प्रत कॅस प्रथिनांना वाट दाखवते आणि पुढच्या वेळी तोच क्रम दिसला की कापला जातो. पिल्लू-पेशींनाही तो तुकडा वारशाने मिळतो. हे प्रयोगाने पहिल्यांदा सिद्ध झालं तेही दह्याच्याच बॅक्टेरियात, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसमध्ये, २००७ साली. काम डॅनिस्को या कल्चर बनवणाऱ्या कंपनीतल्या बारांगू, होर्वाथ आणि सहकाऱ्यांचं. कल्चर बंद पडण्याचा त्रास ज्यांच्या धंद्याच्या मुळावर येतो, त्यांनीच हे शोधावं यात मला नवल वाटत नाही.

स्वतःला न कापण्याचा प्रश्न इथेही आहेच, आणि तुमच्या परीक्षेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा. फेजचा जो तुकडा जपून ठेवला, तोच क्रम आता पेशीच्या स्वतःच्या जीनोममध्येही आहे. मिथाइलची खूण इथे नाही. मग कॅस९ हे कापणारं कॅस प्रथिन तो का कापत नाही? कारण त्याला लक्ष्याच्या अगदी शेजारी आणखी दोन-चार ठरावीक अक्षरं लागतात, त्यांना पॅम म्हणतात. फेजच्या डीएनएत ती असतात. पेशीने जपलेल्या तुकड्याच्या शेजारी पुनरावृत्ती असते, पॅम नसतं. फेजची पळवाटही इथेच: पॅममधलं एखादं अक्षर बदललं तरी तो सुटतो, आणि या वेळी ते खरोखरचं म्युटेशन असतं, एका फेरीत पुसलं न जाणारं. दोन्ही यंत्रणा एकाच पेशीत नांदू शकतात, कारण मिथाइलच्या खुणेने कॅस९ अडत नाही. खूण मिळवून रिस्ट्रिक्शनमधून सुटलेला फेज क्रिस्परच्या हाती सापडू शकतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे वाचून तुमच्यापैकी कुणी सी आणि के-१२ चा प्रयोग करायला घेईल. जरूर घ्या. डबल-लेयर अगार (खाली घट्ट थर, वर फेज आणि बॅक्टेरिया मिसळलेला मऊ थर), दहापट विरलनं आणि थोडा धीर, एवढ्यावर होतो. उन्हाळ्यात करणार असाल तर वरचा अगार ४५ अंशांच्या वॉटरबाथमध्येच ठेवा. बाहेर पारा ४२ वर आहे म्हणून तो टेबलावर पातळ राहील या भरवशावर राहू नका, नळीत गाठी होतात. पण त्याआधी बाटलीवरचं नाव वाचा. बहुतेक कॉलेजांत ई. कोलाय म्हणून डीएच५-अल्फा असतो. तो के-१२ घराण्यातलाच, पण त्याच्यात इकोकेआयच्या कापणाऱ्या भागाचं जीन, एचएसडीआर, निकामी आहे, कारण क्लोनिंग करणाऱ्यांना बाहेरचा डीएनए कापलेला नको असतो. खूण बसवणारा भाग मात्र शाबूत आहे. त्याच्यावर सी जातीतला फेज सोडलात तर सगळे प्लाक येतील आणि तुम्ही म्हणाल, पुस्तक खोटं. बीएल२१ बी घराण्यातला आहे, आणि त्याच्यात कापणं आणि खूण बसवणं दोन्ही बंद आहे. तुम्हाला दोन्ही भाग शाबूत असलेली के-१२ जात हवी, उदाहरणार्थ एमजी१६५५. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवसंग्रहाकडे कल्चर मागवताना जीनोटाइपचा कागद (कुठली जीन्स शाबूत, कुठली निकामी याची नोंद) सोबत मागा आणि त्यात एचएसडी या अक्षरांपुढे काय लिहिलंय ते आधी पाहा.